दुरुस्तीनंतर पिकअपची ओढ गेली, तर शोध कुठून सुरू करायचा?

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) खोललं, त्याखालचं गॅस्केट बदललं, नवा टायमिंग बेल्ट चढवला, तेलपाणी नवं भरलं. चावी फिरवली तर इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि स्लोवर, म्हणजे पेडल न दाबता, छान उभं राहिलं. मग गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्याच चढाला कळलं की काहीतरी बिनसलंय. जो चढ ती तिसऱ्यात ओढायची, तिथे आता दुसरासुद्धा कमी पडतोय. पेडल खालपर्यंत दाबलं तरी आवाज तेवढा वाढतो, वेग वाढत नाही.

जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या माणसाला यासारखं खचवणारं दुसरं काही नाही. खर्च झाला, दिवस गेले, आणि गाडी आधीपेक्षा वाईट. अशा वेळी बहुतेकांचे पाय पार्ट्सच्या दुकानाकडे वळतात. पंप बदला, प्लग बदला, सेन्सर बदला. मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, की आधी थांबा. वयानं आलेला दोष कुठेही असू शकतो. दुरुस्तीनंतर लगेच आलेला दोष मात्र बहुतेकदा जिथे हात लागला तिथेच असतो. काय काय खोललं, काय बाजूला केलं, कोणती नळी काढली, वायरीचा कोणता जोड (कपलर) सोडवला, याची यादी करा. ज्यानं काम केलं त्यालाच शांतपणे विचारा. निम्मा शोध त्या कागदावर लागतो.

एक खुलासा करून ठेवतो. गाडीलाही आपण पिकअप म्हणतो आणि ‘गाडीला पिकअप नाही’ असंही म्हणतो. गोंधळ नको म्हणून इथे पिकअप म्हणजे गाडी आणि तिच्या ताकदीला मी ओढ म्हणेन.

इंजिनाला ओढ यायला काय लागतं? हवा आत यायला हवी, इंधन तिच्या मापात हवं, सिलिंडरमध्ये दाब नीट बनायला हवा, पेट्रोल असेल तर ठिणगी आणि डिझेल असेल तर फवारा नेमक्या क्षणी पडायला हवा, आणि जळालेला धूर बिनअडथळा बाहेर जायला हवा. एवढंच. पण यातलं हवेचं माप लोकांच्या लक्षात येत नाही. वजनानं पाहिलं तर एक भाग पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा आत ओढायची आणि तेवढाच धूर बाहेर काढायचा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. इतक्या घाईत श्वास घेणाऱ्या यंत्राच्या नाकातोंडावर फडकं आलं तर त्याचं काय होईल, याचा विचार करा. हे फडकं शब्दशः असू शकतं. काम करताना आत कचरा जाऊ नये म्हणून मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या) तोंडात कोंबलेला बोळा तसाच राहून वर पाइप बसवल्याचं मी स्वतः पाहिलंय.

आधी इंजिनच दोषी आहे का, ते ठरवा

ओढ नाही म्हणजे इंजिन ताकद काढत नाही, की काढलेली ताकद चाकापर्यंत पोचत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. फेऱ्या भराभर वाढतात आणि वेग तिथेच राहतो, म्हणजे क्लच घसरतोय. गिअरबॉक्स उतरवून परत चढवला असेल तर क्लचची केबल फार ताणलेली राहिली असण्याचा संभव मोठा. ब्रेकचं काम झालं असेल तर सपाट जागेवर हळू वेगात गाडी न्यूट्रलला टाकून बघा. मोकळी गाडी लांबवर घरंगळत जाते, ब्रेक धरणारी चटकन थांबते. थोडं अंतर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू मात्र नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलं असेल तर इंजिनाला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी पाच मिनिटांची गोष्ट. कोणाला तरी सीटवर बसवा, इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बघा. थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरची, पाती पूर्ण उघडते का? डिझेल असेल तर पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का? केबल चुकीच्या खाचेत अडकली, ढिली राहिली किंवा पेडलखाली जाड मॅट आली, की पेडल तळाला जातं आणि पाती मात्र अर्धवटच उघडते. केबलवर चालणाऱ्या गाडीवर माझी तरी सुरुवात नेहमी इथूनच असते.

एका दाताची गोष्ट

हेड किंवा टायमिंगचं काम झालेल्या गाडीत माझा पहिला संशय टायमिंगवर असतो, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आणि धुराची दारं) आणि ठिणगी ठरल्या क्षणी चालतात का यावर, आणि या विषयावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे.

ओळखीतल्या एकाची चार सिलिंडरची जुनी पेट्रोल पिकअप होती. गॅस्केटचं काम दुसरीकडे झालेलं. तक्रार वर लिहिली तीच: स्लो बरा, वरच्या फेऱ्यांत बरी, पण लोड घेऊन उठताना जीवच नाही. ठिणगीचा क्षण दाखवणारा टायमिंग लाइट मारला तर ठिणगी कंपनीनं दिलेल्या अंशावर पडत होती. प्लग, वायरी, पेट्रोलचा दाब, सगळं ठीक. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरचं सारखं, पण सारखंच कमी. आधी ज्यानं पाहिलं होतं त्यानं ‘रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, इंजिन बांधा’ असं सांगून टाकलं होतं.

मला खटकलं ते डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं. तो आपल्या खाचेत फिरवून अगदी टोकाला नेऊन आवळलेला होता. नीट बसवलेल्या इंजिनात तो साधारण मध्यावर असतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून, फिरतो. म्हणजे कॅमच मागे राहिला असला पाहिजे, त्यामुळे ठिणगीही उशिरा पडत असणार, आणि कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून फक्त ठिणगी जागेवर आणली. व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत राहिले. वरचं कव्हर काढलं. पाना लावून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) हातानं फिरवला, पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला आणि क्रँकची खूण जुळवली. कॅमच्या पुलीवरची खूण हेडवरच्या खुणेच्या एक दात मागे होती.

एक दात म्हणजे किती? कॅमच्या पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, त्यामुळे क्रँकच्या हिशोबात तो फरक १८ अंशांचा झाला. इनटेकचा (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह जेव्हा बंद व्हायला हवा, तेव्हा तो अजून उघडा. पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. फेऱ्या कमी असताना ही गळती सगळ्यात जास्त, म्हणून चढावर ओढ मरते. फेऱ्या वाढल्या की आत धावणाऱ्या हवेच्या जोरामुळे फरक थोडा झाकला जातो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकसारखं कमी का आलं तेही यातूनच कळतं. रिंगा झिजतात तेव्हा सगळ्या अशा एकजुटीनं सहसा झिजत नाहीत.

बरं, हा दात चुकतो कसा? बसवणाऱ्यानं खुणा जुळवलेल्या असतात, खोटं बोलत नाही तो. पण बेल्टच्या ज्या बाजूला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नाही ती बाजू आधी ताठ असावी लागते. तिथे थोडी ढील राहिली, की टेन्शनर आवळताना बेल्ट ओढला जातो आणि एखादी पुली दातभर सरकते. म्हणून बेल्ट बसवल्यावर क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासायच्या असतात. दोनच का, तर दोन फेऱ्यांनी कॅम परत मूळ जागी येतो. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि घाईत नेमकं तेच गळतं. मात्र फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो.

आणखी एक सापळा. क्रँकच्या पुढच्या पुलीत बऱ्याच इंजिनांत मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. जुनं रबर सुटलं की कडी सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूणच खोटी पडते. लाइट सांगेल ठीक, इंजिन सांगेल नाही. अशा वेळी पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन खरोखर वर आलाय का ते पाहून खुणेशी ताडून बघायचं.

व्हॅक्यूमचं घड्याळ

पेट्रोल इंजिनासाठी मला सगळ्यात प्रिय असलेलं हत्यार म्हणजे व्हॅक्यूम गेज. एक नळी, एक काटा. स्लोवर थ्रॉटलची पाती जवळजवळ बंद असते आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचावर जाल तसं दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरायचं. वरच्या गोष्टीतल्या गाडीत काटा १३ वर होता आणि अजिबात हलत नव्हता. काटा स्थिर पण खाली, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकच आजार. उशिरा चाललेले व्हॉल्व्ह, उशिरा पडणारी ठिणगी किंवा मॅनिफोल्डची मोठी गळती. काटा ठरावीक तालात झटके खातो तेव्हा दोष एखाद्याच सिलिंडरमध्ये, बहुधा व्हॉल्व्हमध्ये असतो.

त्याच गेजनं सायलेन्सरही तपासता येतो. फेऱ्या २,५०० वर नेऊन तिथेच धरून ठेवा. काटा एका जागी राहिला तर वाट मोकळी आहे. हळूहळू, धीम्या गतीनं तो खाली घसरत राहिला, तर धूर आत तुंबतोय. ज्या गाडीच्या धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहे तिथे तो काढून त्या भोकात दाबमापक लावला तर अजून पक्कं कळतं. २,५०० फेऱ्यांवर ३ पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर दाब दिसला तर पुढे अडथळा आहे असं समजायचं.

इथे दुरुस्ती करणाऱ्यावर अन्याय होऊ शकतो, म्हणून हे सांगणं मला गरजेचं वाटतं. समजा महिनोन्महिने एक सिलिंडर मिसिंग करत होता, म्हणजे मधूनमधून पेटतच नव्हता. त्याचं न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळत राहिलं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळली. मिसिंग तुम्ही आज दुरुस्त केलं, काम चोख झालं, पण जाळी आधीच बसली आहे. आता चारही सिलिंडर नीट पेटतात आणि धुराला वाट नाही. दोष दुरुस्तीनंतर जाणवला, दुरुस्तीमुळे आला नाही.

हवेच्या वाटेवरच्या नळ्यांबद्दल थोडं. जुनं रबर एका जागी वर्षानुवर्षं राहिलं की कडक होतं. काढताना वाकवलं की वळीच्या खोबणीत भेग पडते आणि वरून दिसत नाही. हवा मोजणारा सेन्सर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या जाड पाइपला अशी भेग गेली, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि इंधन कमी पडतं. गंमत अशी की गाडी उभी असताना भेग मिटलेली असते. लोड आला की इंजिन माउंटवर कलतं, पाइप ताणला जातो आणि भेग उघडते. म्हणून हा पाइप काढून, हातात वाकवून, उजेडात बघायचा. डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळीही बघा. जुन्या गाडीत टायमिंग लावताना ती काढून तिचं तोंड बंद करायचं असतं, आणि परत जोडायची विसरून जाते.

डिझेल पिकअप असेल तर

जुन्या डिझेल इंजिनात सहसा थ्रॉटलची पाती नसते, त्यामुळे व्हॅक्यूम गेज इथे बोलत नाही. इथे धूर बोलतो. लोडवर काळा धूर आणि ओढ कमी, म्हणजे इंधनाच्या मानानं हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोपासून (धुराच्या जोरावर हवा कोंबणारा पंखा) मॅनिफोल्डपर्यंतचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), हे बघा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, डोळे झोंबवणारा धूर येत असेल तर फवारा उशिरा पडतोय. पंप उतरवला असेल तर तो जुन्या खुणेवर बसला का ते आधी बघा. निळा धूर तेलाचा.

आणि धूरच नाही, ओढही नाही? मग डिझेल पोचत नाहीये. टर्बोवाल्या गाडीच्या यांत्रिक डिझेल पंपावर बहुतेकदा एक बोटाएवढी बारीक नळी येते, मॅनिफोल्डमधून निघून पंपाच्या डोक्यावरच्या पडद्यापर्यंत. टर्बोचा दाब वाढला की ती पंपाला कळवते आणि पंप जास्त डिझेल सोडतो. ही नळी निसटली किंवा तिला चीर गेली की पंपाला वाटतं टर्बो फिरतच नाही. गाडी लागते छान, धूर स्वच्छ, आवाज निरोगी, आणि चढावर मात्र शून्य. डिझेल गाडी आली की मी ही नळी पहिल्यांदा चाचपतो.

पंप किंवा फिल्टरला हात लागला असेल तर एअरचा विचार करा. टाकीपासून पंपापर्यंतच्या बाजूत डिझेल शोषून घेतलं जातं. इथे जोड सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली डाग दिसत नाही म्हणून गळती नाही, असं मानू नका. पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा आणि रेस देऊन बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर तांब्याचे वॉशर, फिल्टरचं सील आणि नळ्यांची टोकं तपासा. वापरलेला तांब्याचा वॉशर दाबून कडक झालेला असतो, तोच परत टाकला की हमखास हवा घेतो. अजून खात्री हवी असेल तर स्वच्छ कॅनमधून थेट पंपाला डिझेल देऊन गाडी चालवून बघता येते. ओढ परत आली तर दोष टाकी ते पंप या टापूतच आहे. टाकीचं झाकणही विसरू नका. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि काही अंतर गेल्यावर ओढ जाते. झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज येऊन ओढ परत आली, की निदान झालं.

पेट्रोलच्या बाजूनं इंधनाचा दाब मोजायचा तो लोडवर. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाला साधारण ४ ते ७ पीएसआय पुरतो, प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर असलेल्या गाडीला बहुधा ३५ ते ६० लागतो. उभ्या गाडीत दाब बरोबर असून चढावर कोसळतो, हे नेहमीचं. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला धरा.

अर्थिंगची पट्टी

इंजिन किंवा हेड उतरवलं असेल तर बॉडी ते इंजिन जाणारी अर्थिंगची पट्टी परत लागली का, हे डोळ्यांनी बघा. ती राहिली तर करंट दुसरी वाट शोधतो, कधी चक्क ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल तापते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. त्याहून बरंच वर गेलं तर इंजिनाची अर्थिंग कमजोर आहे. बॉडी आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्येही असंच मोजा, या वेळी दिवे आणि पंप चालू ठेवून. तिथे फरक जास्त आला तर पंपाला आणि कॉइलला पुरते व्होल्ट मिळत नाहीत. सेन्सरवाल्या गाडीत नॉकचा, म्हणजे इंजिनातला ठोका ऐकणारा, सेन्सर जास्त आवळला गेला तर तो खोटा ठोका ऐकू शकतो, आणि कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ठिणगी मागे घेतो. अदलाबदल होऊन चुकीच्या जागी लागलेला कपलर आणि सुटा राहिलेला पाण्याचा सेन्सर हेही याच घरातले.

कॉम्प्रेशन मी शेवटी ठेवतो, कारण त्यात मेहनत आहे. मोजताना सगळे प्लग काढा, इंधन आणि कॉइल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. पाती बंद ठेवून मोजलेलं कॉम्प्रेशन खोटं कमी येतं आणि त्यावरून चांगली इंजिनं खोलली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. कमी सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हेडच्या कामानंतर टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले दाबणारे भाग) घट्ट राहिले असतील तर व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पुरता बसत नाही. इंजिन थंड असताना गाडी बरी आणि तापली की ढेपाळते, असं असेल तर टॅपेटचं अंतर आधी मोजा. उशीर केला तर व्हॉल्व्हची कड जळते.

त्या एका दाताच्या गाडीचं पुढे काय झालं? बेल्ट उतरवून कॅम जागेवर आणला, दोन फेऱ्या हातानं फिरवल्या, खुणा जुळल्या. मग लाइट मारून ठिणगी पुन्हा लावली, तर डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्यावर आला. गेजचा काटा १८ वर जाऊन थांबला. मग तोच चढ, तेवढंच सामान, तोच तिसरा गिअर. बॅटरी काढून ठेवलेली कॉम्प्युटरवाली गाडी असती तर तिला आधी थोडं अंतर चालवून आपली मापं पुन्हा शिकू दिली असती, या गाडीला त्याची गरज नव्हती. मालक वरपर्यंत गेला, वळवून खाली आला आणि इंजिन बंद न करताच म्हणाला, “पुन्हा एकदा जाऊन येतो.”